मशीन खोटं बोलत नाही

न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूस आणि गाडीचं चाक काढून दिलेला माणूस, हे दोघं पळून जाऊ शकत नाहीत. न्हाव्याकडे किस्से साठतात याचं कोणाला आश्चर्य वाटत नाही. टायरच्या दुकानातही साठतात म्हटलं की लोक हसतात. अहो, गाडी जॅकवर आणि चाक मशीनवर असताना मालकानं जायचं कुठं? तो खुर्ची ओढतो, चहा मागवतो आणि स्वतःच्या अकलेचं प्रदर्शन मांडतो. आम्ही तिकीट लावत नाही, एवढंच.

आमचं दुकान वाशीमहून अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माझं आणि गजूभाऊचं, भागीतलं. कामं आम्ही वाटून घेतली आहेत. गजूभाऊ चाक काढतो, मशीनवर चढवतो, शिशाचे तुकडे ठोकतो आणि गिऱ्हाइकाचा अपमान करतो. मी गिऱ्हाइकाची समजूत काढतो. माझं काम जास्त अंगमेहनतीचं आहे.

ज्यांना व्हील बॅलन्सिंग म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टायर कितीही गोल दिसला तरी कुठंतरी एका बाजूला जड असतोच, आपल्यासारखाच. गाडीनं वेग घेतला की तो जडपणा स्टिअरिंगमध्ये थरथरतो. मशीन चाक गरगर फिरवते आणि कुठं किती वजन कमी पडतं ते स्क्रीनवर दाखवते. तिथं रिमला तेवढं शिसं ठोकायचं, पुन्हा फिरवायचं. स्क्रीनवर शून्य आलं की झालं बॅलन्सिंग.

मशीन येण्याआधी गजूभाऊ हे हातानंच करायचा. चाक जॅकवर उचलायचं, मोकळं फिरवायचं, थांबलं की जी बाजू खाली ती जड. तिथं खडूनं खूण. आता तो त्या दिवसांचं नावही काढत नाही. कोणी शंका काढली की त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "मशीन खोटं बोलत नाही भाऊ. माणूस बोलते!"

*

मशीनच्या उद्घाटनाला आम्ही एका स्थानिक पुढाऱ्याला बोलावलं, ही आमची पहिली चूक. त्यांच्याच गाडीचं चाक पहिलं लावायचं ठरवलं, ही दुसरी.

साहेब आले. मशीनकडे बघून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "दळण काय भाव देता?" कार्यकर्त्यानं कानात काहीतरी सांगितलं. मग साहेब म्हणाले, "हां हां, तेच ते."

चाकाला झेंडूचा हार घातलेला होता. तो काढायची कोणाची हिंमत होईना, साहेबांच्या चाकाचा हार! गजूभाऊनं तसंच चाक फिरवलं. पुढच्या क्षणी झेंडूच्या पाकळ्या साहेबांच्या कडक इस्त्रीवर, भटजींच्या तोंडात आणि फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर. मशीन थांबली आणि स्क्रीनवर लाल आकडा आला, नव्वद!

"साहेबाचं नव्वद आलं!" एक कार्यकर्ता ओरडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, हे जितकं जास्त तितकं वाईट असते," गजूभाऊ सांगायला लागला. पण तोवर साहेबांच्या हातात माईक गेला होता.

"मशीननंच सांगितलं हाय," साहेब म्हणाले, "आपल्या भागातलं नव्वद टक्के काम झालं! उरलेलं दहा टक्के बी आपुनच करू!"

*

आता वानखडे गुरुजींबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ते या सगळ्या किश्शांमध्ये खुर्चीवर बसलेले असतात.

गुरुजी अनसिंगचे. शाळेत गणित शिकवायचे. गजूभाऊ त्यांचाच विद्यार्थी, आणि त्याला बघून गुरुजींच्या शिकवण्याबद्दल मत बनवू नका. नोकरीभर गुरुजींनी काकूंना आधी सायकलच्या आणि मग स्कूटरच्या मागं बसवून फिरवलं. रिटायर झाल्यावर एक पांढरी छोटी गाडी घेतली आणि काकूंना शेजारी बसवलं. मग काय, आज मानोऱ्याकडे काकूंच्या माहेरी, उद्या कारंज्याला दर्शनाला, परवा कोणाच्या तरी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. दोघं घरात सापडतील तर शपथ.

त्यांचा मुलगा संदीप पुण्यात इंजिनिअर आहे. आईबाबांनी अनसिंगचं घर बंद करून आपल्याकडे यावं, असा त्याचा धोशा. मुलगा वाईट नाही, फक्त त्याला सगळं पटकन पटतं आणि दुसऱ्यांनाही पटकन पटावं असं वाटतं. गुरुजींचं उत्तर ठरलेलं होतं, "जवापर्यंत गाडी चालते, तवापर्यंत मी अनसिंग सोडत नाही."

आणि मग गुरुजींच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागलं.

पहिल्यांदा आले तेव्हा गजूभाऊनं चारही चाकं काढली, शिसं ठोकलं, प्रत्येकाचं शून्य आणलं. छाती फुगवून म्हणाला, "गुरुजी, तुमी मले शाळेत शून्य देत होते ना? घ्या, आज मी तुमाले चार देतो!"

"तवा बी तू इतकाच खुश राहे," गुरुजी म्हणाले.

आठवड्यात गुरुजी परत हजर. "गजानन, अजून हलून राह्यलं."

गजूभाऊनं परत चाकं काढली. परत शून्य. संदीपचा फोन आला, तो गुरुजींनी स्पीकरवर लावला. "बाबा, स्टिअरिंग व्हायब्रेट होत असताना गाडी चालवणं डेंजरस आहे. दिवाळीला मी येतोय. तोपर्यंत नीट झाली नाही तर गाडी विकून टाकू आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला. विषय संपला."

गुरुजींनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "गजानन, दिवाळीच्या आत कर बापा काहीतरी."

*

आमच्याकडच्या काळ्या मातीबद्दल लोक अभिमानानं बोलतात. बोलोत बापडे. आम्ही ती खरवडतो.

साहेबराव मानोऱ्याकडचे. नवी मोठी गाडी घेतली आणि भर पावसाळ्यात सोयाबीन पाहायला थेट वावरात घातली. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन गरजले, "कंपनीनं फसवलं! नवी गाडी, अन् टरटर हलून राह्यली!"

गजूभाऊनं चाक काढलं आणि आतली बाजू साहेबरावांना दाखवली. रिमच्या आत काळ्या मातीचं असं लिंपण बसलं होतं की त्यात हरभरा पेरता आला असता. गजूभाऊनं पटाशी लावली आणि चपलेएवढा ढेकूळ खाली पाडला. "घ्या, तुमची कंपनी निघाली!"

माती काढून चाक मशीनवर लावलं. जवळजवळ शून्य. साहेबरावांचा आवाज एकदम खाली आला. आता निमूट निघतील असं मला वाटलं. पण ते घुटमळत उभे.

"काय राह्यलं?" गजूभाऊनं विचारलं.

"ते माती," साहेबराव ढेकळाकडे बोट दाखवत म्हणाले, "एखाद्या थैलीत भरून द्या ना. आपल्या वावरातली हाय. तुमच्या दुकानात कायले सोडू?"

*

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात, हे शहरातल्या लोकांना माहीत नसेल. वजन वाढतं, नांगरताना चाक घसरत नाही. चांगली युक्ती आहे. फक्त ती दिगंबरला कोणी सांगायला नको होती.

दिगंबरनं जुनी कार घेतली. पावसात ती चिखलात घसरायला लागली. तो ट्रॅक्टरचं पंक्चर काढणाऱ्याकडे गेला आणि मागच्या दोन्ही टायरांत पाणी भरून घेतलं. भरून देणाराही धन्य! मग गाडी हेलकावे खात आमच्याकडे आली. थांबली तरी आतून डुबुक डुबुक आवाज.

गजूभाऊ वाकला आणि त्यानं व्हॉल्व्ह काढला. पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर! आमच्या गल्लीत नळ कधी येतो ते नळालाच माहीत, आणि इथं टायरमधून फुल प्रेशर.

"ट्रॅक्टरले चालते," दिगंबर म्हणाला, "मंग कारले काहून नाही चालत?"

गजूभाऊनं तोंड पुसलं. "बैलाले सरकीची ढेप चालते. मंग जावयाच्या ताटात वाढता का?"

त्या दिवशीही गुरुजी आणि काकू बसलेले होते. गाडी पुन्हा हलत होती ना! गुरुजी पोट धरून हसले. काकू मात्र अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माह्या माहेरी ट्रॅक्टरमधी नळी लावून मीच पाणी भरत होती. अन् मीच चालवत होती, वावरात. लग्न झालं अन् मागच्या सीटवर आली."

"हे मले कधी नाही सांगितलं!" गुरुजी म्हणाले.

"तुमी कधी विचारलं?"

*

शंकेखोर गिऱ्हाइकासाठी गजूभाऊनं एक परीक्षा शोधली आहे. गिअरच्या पुढं सपाट जागेवर चहाचा ग्लास ठेवायचा, अर्धा. त्यावर साय धरू द्यायची. मग गाडी बायपासवर पळवायची. सायीवर सुरकुती पडली तर बॅलन्सिंग कच्चं. मशीनवर न बसणारा लोकांचा विश्वास सायीवर बसतो.

कारंज्याचे एक धान्याचे व्यापारी आले होते. त्यांच्यासमोर ही परीक्षा झाली. साय जागची हलली नाही. शेठजी खुश. मग खाली उतरले, चारही चाकांभोवती वाकून वाकून फिरले आणि त्यांचा चेहरा पडला.

"या चाकाले शिशाचे तीन तुकडे, त्याले एक. असं कसं?"

"ज्याले जितकं पायजे तितकं लावलं शेठजी," मी सांगितलं.

"ना. माह्या बापाच्या काळापासून आमच्या काट्यावर कधी उन्नीस-बीस झालं नाही. चारी चाकाले सारखं लावा!"

मी समजावलं. माझं कामच ते. पण शेठजी ऐकेनात. गजूभाऊला त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांचं ऐकण्यात जास्त मजा वाटली. त्यानं चारही चाकांना सारखं शिसं ठोकलं आणि नमस्कार केला.

संध्याकाळी कारंज्याहून फोन आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीनंच उचलला.

"गाडी लय हलते," शेठजी शांतपणे म्हणाले, "पण काटा बराबर हाय!"

*

एकाच्या पुढच्या चाकातून खडखड यायची. गजूभाऊनं बघितलं, तर रिमच्या आतल्या बाजूला तारेनं घोड्याची नाल बांधलेली! कोण्या बाबानं सांगितलं होतं, अपघात होत नाही म्हणून.

"ह्या नालेनंच तुमचा अपघात होईन," गजूभाऊ म्हणाला. "चाक एका बाजूनं जड झालं."

तो माणूस काही नाल काढू देईना. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मंग समोरच्या बाजूले अजून एक नाल बांधा."

 गजूभाऊनं तेवढ्याच वजनाची दुसरी नाल मागवली, बरोबर समोरासमोर घट्ट बांधली आणि चाक फिरवलं. स्क्रीनवर शून्य! तो माणूस दुकानाबाहेर पडला तेव्हा त्याची श्रद्धा दुप्पट झाली होती आणि गजूभाऊ दिवसभर कोणाशी बोलला नाही.

*

दिवाळीला दीड महिना उरला तेव्हा गुरुजी आणि काकू पुन्हा आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात रुमाल. "गजानन, दिवाळीले संदीप येऊन राह्यला. काय ते आज पक्कं कर."

गजूभाऊनं सगळं केलं. टायर बदलून पाहिले. रिम वाकलेत का ते पाहिलं. अलाइनमेंट मी स्वतः तपासली. शेवटी त्यानं चाक गाडीवरच ठेवून, जॅकवर उचलून, हातानं फिरवून पाहिलं, त्याच्या त्या जुन्या पद्धतीनं, खडू घेऊन. त्याला खडू हातात घेतलेलं मी किती दिवसांनी पाहत होतो. खूण करायला जागा सापडेना.

"चहा आणा," गजूभाऊ म्हणाला.

साय धरली. आधी गजूभाऊनं गाडी चालवली, गुरुजी शेजारी, मी आणि काकू मागं. बायपासवर साय हलली नाही आणि स्टिअरिंगही हललं नाही.

"तू चालवतं तवा नाही समजत," गुरुजी म्हणाले. "सरक, मी दाखवतो."

त्यांनी जागा बदलली. गाडी पुन्हा बायपासला लागली. मी मागून पाहत होतो. गुरुजींच्या हातात स्टिअरिंग बारीक बारीक थरथरत होतं. ग्लासातली साय जशीच्या तशी होती.

"पाह्यलं? हलून राह्यलं ना?" गुरुजी म्हणाले. त्यांना हायसं वाटलं होतं. कोणीतरी साक्षीदार मिळाला होता.

गजूभाऊनं सायीकडे पाहिलं. मग गुरुजींच्या हातांकडे. आता हा त्याचं ते ठरलेलं वाक्य बोलणार, अशी मला धास्ती वाटली. मशीन खोटं बोलत नाही, हे एकदा तोंडातून निघालं की गाडी गेली, अनसिंग गेलं, सगळं गेलं.

"हलते खरी," गजूभाऊ म्हणाला.

दुकानाशी आलो. गुरुजींनी चहाचा ग्लास उचलला, प्यायला म्हणून. अर्धा ग्लास ओठांपर्यंत जाईस्तोवर निम्मा शर्टावर सांडला. काकूंनी पदरानं पुसलं. "ग्लासच पातळ हाय," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. मी उतरून उगीच पाने-पकडी आवरायला लागलो.

गुरुजी शर्ट धुवायला मागच्या नळाकडे गेले. काकू खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी आल्या आणि आत वाकून पायाजवळ बघायला लागल्या.

"गजानन, याचा क्लच ट्रॅक्टरपेक्षा जड असते का रे?"

"नाही काकू," गजूभाऊ म्हणाला. "लय हलका असते."

त्यानंतर दर रविवारी सकाळी गजूभाऊ दुकान माझ्या गळ्यात घालून अनसिंगकडे जायला लागला. कुठं जातो विचारलं की म्हणायचा, "घरपोच सर्व्हिस." आमच्याकडे घरपोच सर्व्हिस नाही. गिऱ्हाइकाचे अपमानही मलाच करावे लागले, आणि मला ते नीट जमत नाहीत.

दिवाळीच्या पाडव्याला पांढरी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. काचेवर लाल अक्षरात एल. उजवीकडे काकू, डोळ्यांवर चष्मा, पदर खोचलेला. डावीकडे गुरुजी, वर्गात फळ्यापाशी उभे असल्यासारखे ताठ. मागच्या सीटवर, दोन पिशव्या मांडीवर घेऊन, इंजिनिअर संदीप.

गुरुजी काच खाली करून ओरडले, "गजानन! मानोऱ्याहून येऊन राह्यलो. इतका खराब रस्ता, पण बसल्या बसल्या एवढं बी जाणवलं नाही! अंगात हलल्यासारखं कायच नाही!"

संदीपनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पिशव्या सावरल्या.

"पण मले एक सांग," गुरुजी म्हणाले, "इतके दिवस तुह्यी मशीन शून्य दाखवे, अन् गाडी हले. मंग चुकत कोण होतं?"

गजूभाऊनं हातातलं चाक खाली ठेवलं. एकदा मशीनकडे पाहिलं.

"मशीन खोटं बोलत होती, गुरुजी."